दसऱ्याचा संगणक

दसऱ्याच्या सकाळी नव्या संगणकाला हळद-कुंकू वाहिलं, कॅबिनेटवर झेंडूचा हार टाकला, कीबोर्डवर आपट्याची दोन पानं ठेवली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो पहिल्यांदा बंद पडला.

मी नारायण पेठेत राहते आणि गेली सव्वीस वर्षं घरूनच डीटीपी करते. पेजमेकर आणि श्री-लिपिवर हात बसला, आता इनडिझाइनवर पुस्तकं लावते. जुना संगणक अजून चालत होता. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबणार होते, आणि विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० त्या बोर्डावर नव्हतं. मुलाने बंगळुरूहून सुट्या भागांची यादी पाठवली, दुकानातल्या मुलाने ते जोडून दिले. सोळा जीबी रॅम, म्हणजे आठ-आठच्या दोन पट्ट्या, एसएसडी, नवा एसएमपीएस. मॉनिटर, प्रिंटर आणि यूपीएस जुनेच. उजेड बरा पडतो म्हणून टेबल खिडकीकडे सरकवलं, वायरी जिथे पोचतील तिथे खोचल्या आणि कामाला लागले.

बंद पडला तेव्हा मी एका आत्मचरित्राची करेक्शन मारत होते. दोनशे चाळीस पानांचं पुस्तक, त्यातलं एकशे बारावं पान. एकदम पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं क्षणभर आली न आली, आणि संगणक आपला आपण पुन्हा सुरू. 'निळा पडदा' म्हणून जो प्रकार आपण इतकी वर्षं पाहिला, तो विंडोज ११ मध्ये २०२५ साली काळा झालाय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं वीज गेली.

"पंखा फिरतोय की," हे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात असं सात वेळा झालं. कधी टाइप करताना, कधी पीडीएफ काढताना, एकदा तर मी चहा ठेवायला आत गेले होते तेव्हा. बाहेर येऊन बघते तर विंडोज पासवर्ड मागत बसलेलं. ज्याने त्याने आपलं निदान सांगितलं. शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, अर्थिंग बघून घ्या." मुलगा म्हणाला, "ड्रायव्हर असेल, आई." बहिणीचं मत पडलं, व्हायरस. दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "काकू, घेऊन या. फॉरमॅट मारून देतो."

रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन गेले. त्याने एका बैठकीत पाच गोष्टी केल्या. विंडोज नव्याने टाकलं, बायोस अपडेट केलं, डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला, प्रोसेसरवरची पेस्ट पुसून ताजी लावली, आणि रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरने घासल्या. दुकानात तीन तास सुरळीत चालला. घरी दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या पाचांपैकी कशामुळे दोन दिवस बरे गेले, की नुसतेच गेले, हे आता त्यालाही सांगता येईना आणि मलाही.

हा अनुभव मला नवा नव्हता, फक्त संगणकाच्या बाबतीत नवा होता. सुरुवातीला मी ज्या प्रेसमध्ये शिकले, तिथले जुने प्रूफरीडर एका वाचनात एकच चूक शोधायला लावायचे. एका फेरीत नुसते पानांचे आकडे. दुसऱ्या फेरीत नुसती शीर्षकं. तिसरीत टिपा. सगळं एकदम पकडायला गेलं की नेमकं मुखपृष्ठावरचं नाव चुकतं, असं ते म्हणत. घरी येऊन मी दोनशे पानी वही काढली आणि चार रकाने आखले : केव्हा, तेव्हा काय चालू होतं, काय दिसलं, मी काय बदललं. शेवटच्या रकान्यात एका दिवशी एकाच गोष्टीची नोंद करायची, असं ठरवलं.

मुलाने व्हिडिओ कॉलवर दोन गोष्टी करून घेतल्या. बिघाड झाल्यावर विंडोज आपोआप रीस्टार्ट होतं, ती खूण काढून टाकली; म्हणजे काळा पडदा तसाच राहतो आणि त्यावरचं वाचता येतं. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. तिथे लाल खुणेसह एकच नोंद पुन्हा पुन्हा दिसत होती : कर्नेल-पॉवर, क्रमांक ४१. 'पॉवर' हा शब्द ऐकून शेजारचे काका खूश झाले. पण ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. का, ते तो सांगत नाही. खरी गोष्ट त्या नोंदीच्या पोटात असते. तपशील उघडला की 'बगचेक कोड' असा एक आकडा दिसतो. विंडोजने स्वतः हात टेकले असतील तर तिथे कारणाचा क्रमांक पडतो. तो लिहायलाच वेळ मिळाला नसेल तर शून्य.

चार दिवसांत माझ्या वहीत आकडे जमले : २६, ८०, ०, १०, २६, ०. मुलाने ते संगणकाच्या सोळाच्या पटीतल्या मोजणीत फिरवून कोष्टकाशी ताडले. २६ म्हणजे मेमरीची व्यवस्था बिघडली. ८० म्हणजे मेमरीत जे सापडायला हवं होतं ते सापडलं नाही. १० चाही रोख मेमरीकडे, नाहीतर ड्रायव्हरकडे. "रोज वेगळी तक्रार करतोय ना, मग आधी रॅम बघ," तो म्हणाला. शून्यांचं काय, हे मी विचारलं नाही. शून्य म्हणजे काही माहिती नाही, असं मी धरून चालले.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६ प्लस नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवर घालायची आणि विंडोज सुरूच न करता थेट तिच्यावर संगणक चालवायचा. ती मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहिते, परत वाचते आणि जुळतंय का बघते. आठ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे ६,९०० कोटी घरं असतात, प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यातलं एखादं घर अधूनमधून खोटं बोलत असेल तर संगणक दिवसभर नीट चालतो; ज्या क्षणी त्या घरात काही महत्त्वाचं जाऊन बसतं, त्या क्षणी कोसळतो. शिवाय त्या क्षणी जो प्रोग्रॅम तिथे असेल त्याच्यावर आळ येतो. म्हणून रोज वेगळी तक्रार.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तपासणी लावून झोपले. पहिली फेरी माझ्या डोळ्यांदेखत निर्दोष संपली होती, त्यामुळे मनात हिरमुसले होते. पहाटे अभ्यंगस्नानाला उठले, पणती लावली आणि सहज आत डोकावले. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल ओळी. तिसऱ्या फेरीत सतरा चुका. उटणं लावलेल्या हातांनी त्याचा फोटो काढला. दिवाळीच्या पहाटे चुका सापडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पण चूक पट्टीत आहे, की ती ज्या खाचेत बसते त्या बोर्डावरच्या खाचेत? दोन पट्ट्या, दोन खाचा, म्हणजे चार प्रयोग. बटण बंद केलं, वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा रॅम स्वतःच्या हाताने काढली. टोकाची खिटी दाबली की पट्टी आपण होऊन वर येते. बसवताना मात्र वाटतं त्याहून जास्त जोर लागतो. दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहायचं, 'टक' होईपर्यंत. पहिल्या वेळी मी भीत भीत दाबली आणि पडदा उजळलाच नाही. दोन्ही पट्ट्यांना ओळखू यावं म्हणून एकीवर पेन्सिलने 'अ' लिहिला, दुसरीवर 'ब'. भाऊबीजेपर्यंत निकाल लागला. 'अ' दोन्ही खाचांत निर्दोष. 'ब' दोन्ही खाचांत चुकली. बायोसमध्ये तिचा वेग उतरवून पाहिला, तरी चुकली.

वहीचा फोटो बघून दुकानातल्या मुलाने एक प्रश्नही विचारला नाही. पट्टी वॉरंटीत पाठवली आणि बदलून यायला तीनेक आठवडे लागतील म्हणाला. तोवर मी एकट्या 'अ' वर काम करत राहिले. पाच दिवस छान गेले. सहाव्या दिवशी संगणक पुन्हा गेला. कोड शून्य. दोन दिवसांनी परत शून्य.

आता मात्र माझा तोल सुटला. दुकानात फोन करून बरंच बोलले. रॅम खराब दिलीत, एसएमपीएसही तसलाच दिला असणार, असं म्हणाले. तो बिचारा म्हणाला, "काकू, उद्या दुसरा लावून बघू."

त्या रात्री वही पुन्हा वाचायला घेतली, प्रूफ वाचतात तशी. एका फेरीत एकच रकाना. 'काय दिसलं' या रकान्यात २६ आणि ८० च्या नोंदींपुढे मी लिहिलं होतं : काळा पडदा, पांढरी अक्षरं. शून्याच्या चार नोंदींपैकी तीन ठिकाणी काहीच नव्हतं, कारण मी खोलीत नव्हते. चौथ्या ठिकाणी मात्र होतं : आधी मॉनिटरच्या कंपनीचं नाव उमटलं, मग विंडोज.

मॉनिटरवर कंपनीचं नाव कधी दिसतं? मॉनिटरची स्वतःची वीज जाऊन परत येते तेव्हा. नुसता संगणक रीस्टार्ट झाला तर ते दिसत नाही. म्हणजे माझ्या संगणकाला त्या वेळी काही झालंच नव्हतं. दोघांचीही वीज मागूनच तुटली होती, आणि दोघांच्या मागे एकच वस्तू होती, यूपीएस.

मग दुसरा रकाना वाचला. मी खोलीत का नव्हते? 'प्रूफ छापायला टाकून चहा ठेवला.' 'प्रिंट देऊन कुकर बघायला गेले.' चारही वेळा प्रिंट, आणि चारही वेळा बराच वेळ झोपलेल्या प्रिंटरचा पहिला कागद. टेबलाखाली वाकून पाहिलं. खिडकीकडे टेबल सरकवल्यापासून प्रिंटरची वायर भिंतीपर्यंत पोचत नव्हती. दसऱ्याच्या दिवशी मीच ती यूपीएसमध्ये खोचली होती.

लेझर प्रिंटर शाई कागदावर वितळवून बसवतो. त्यासाठी आतला रोलर तापवावा लागतो, आणि थंड रोलर तापताना क्षणभर आठशे-हजार वॅट सहज ओढले जातात. माझा यूपीएस सहाशे व्हीएचा, त्याला पेलतात साडेतीनशेच्या आसपास. वीज किंचित दबली की तो बॅटरीवर जातो, आणि तेवढा भार अंगावर घेऊन कोलमडतो. खात्री करून घ्यायचीच होती. सगळं सेव्ह केलं, प्रिंटर तासभर झोपू दिला आणि या वेळी चहा न ठेवता टेबलाखाली कान देऊन बसले. पहिल्या प्रिंटला काही झालं नाही. तासाभराने दुसरी दिली. ट्यूबलाइट जरा मंदावली, यूपीएसमध्ये 'टक' झालं, एक लांब सूर निघाला आणि अंधार. मग मॉनिटरवर कंपनीचं नाव.

तपकीर गल्लीतून लांब वायर आणली, प्रिंटर भिंतीतल्या मोठ्या सॉकेटवर नेला. त्यानंतर वहीत शून्याची नोंद झालेली नाही. नोव्हेंबरात नवी पट्टी आली, तिलाही एक रात्र मेमटेस्टवर ठेवलं आणि मगच कामाला घेतलं.

दुकानात फोन करणं भाग होतं. "एसएमपीएस चांगला आहे तुझा," मी म्हणाले. "प्रिंटर मी यूपीएसला लावला होता."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकू, त्याच्या कागदात लिहिलेलं असतं ते."

यूपीएसचं माहितीपत्रक कपाटात पुठ्ठ्याच्या खोक्यात, घडीसुद्धा न मोडलेलं सापडलं. लेझर प्रिंटर जोडू नये, असं त्यात इंग्रजीत आणि हिंदीत ठळक छापलं होतं. हिंदी मजकुरात एक मात्रा गळली होती. पेन्सिलने खूण केली आणि पत्रक वहीत ठेवून दिलं.