किल्लारीची वाट आणि औषधांची खोकी

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात, की नळदुर्ग, अणदूर मागे टाकून उमरगा लागते. तेथून लातूरच्या रस्त्याला वळा. दोन्ही हातांना काळी कसदार रानं दिसतील. पावसाळ्यात गेलात तर सोयाबीन अन् तुरीचे पट्टे पाहून तुमच्यातला शेतकरी सुखावेल. याच वाटेवर किल्लारी आहे.

वाचकहो, हे नाव तुम्ही ऐकले आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली. सरकारी मोजणीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. तुमच्याआमच्या आजोबांनी बांधली तशीच ती घरे होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीची वाट पाहत घरची शेती करीत होतो. आमच्या गावच्या गणेश मंडळाकडे वर्गणीतले थोडे पैसे उरले होते. त्यांतून नवा कर्णा घ्यायचा ठराव झाला होता. बातमी आली तशी सगळे म्हणाले, "कर्णा राहू द्या, औषधं नेऊ." आम्ही घरोघर फिरलो. ज्याने जे दिले ते खोक्यांत भरले. अर्धी खोकल्याची बाटली, सुट्या गोळ्या, कोणाचे मलम, कोणाचे टॉनिक. एका भल्या माणसाचा टेंपो मिळाला अन् आम्ही मोठ्या उमेदीने निघालो.

एका गावाबाहेर तंबूत दवाखाना चालू होता. डोकी फुटलेली, हातपाय मोडलेली माणसे रांगेने निजलेली. आम्ही खोकी उतरवली. तिथल्या सिस्टरबाईंनी एक उघडले, दोन बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे निवडत बसू, का माणसं बघू?"

बाई रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. पण ते शब्द मला चाबकासारखे लागले. निम्म्या औषधांची मुदत संपलेली, कित्येकांवर नावही नाही. कीड कोणती ते न बघता फवारणी करू नका, हे पुढे नोकरीत मी हजारदा सांगितले. त्या दिवशी मात्र मी स्वतः तेच केले होते.

मग आमच्यातल्या एकाने वहीचे पान पुढे केले. "बाई, काय पाहिजे ते लिहून द्या." त्यांनी उभ्याउभ्याच लिहिले : कापूस, गॉज, प्लॅस्टरच्या पट्ट्या, सलाईन, निर्जंतुक सुया, धनुर्वाताची लस, पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या. लस थंड ठेवूनच आणा, असे दोनदा बजावले.

आम्ही तसेच सोलापूरला परतलो. मंडळाच्या पैशांत एका औषध-दुकानदाराने सगळे खरेदीच्या भावाने दिले. लसीसाठी बर्फाचा डबा घेतला. आमच्या गावच्या म्हाताऱ्या कंपाउंडरकाकांनी रात्रभर बसून खोकी लावली. एका खोक्यात एकच जिन्नस, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव, नग व मुदतीची तारीख. या खेपेला माल पहिल्याहून निम्मासुद्धा नव्हता. पण खोकी उतरली अन् लगेच उघडली गेली. बाईंनी लसीच्या डब्याला हात लावून पाहिला, मान हलवली आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या. तेवढी पावती आम्हाला पुरली.

आज त्या वाटेने जाल तर नवी गावे दिसतील. बावन्न गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवली गेली. रस्ते रुंद, घरे सुटी सुटी. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे माणसे जमतात. तिथे गेलात तर घटकाभर थांबा.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूर येवो, भूकंप होवो, तुमचे मंडळ मदतीला धावणारच. ते मराठी मातीतच आहे. पण निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना वा आरोग्य केंद्राला विचारा आणि यादी घ्या. आता तर फोन खिशातच असतो. घरातली उरलीसुरली औषधे नेऊ नका. खोक्यावर नाव आणि मुदत लिहा. लस स्वतः विकत घेऊन नेण्यापेक्षा ती थंड ठेवण्याची सोय ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर सोपवा.

आमच्या मंडळाने कर्णा पुढच्या वर्षी घेतला. त्यावरून पहिली आरती झाली तेव्हा मला त्या तंबूतली यादी आठवली. ते वहीचे पान माझ्याकडे अजून आहे.