मांजराचा कायदा

कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे म्हणतात. आमच्या नांदेडच्या जुन्या वाड्यात मांजर कोणी पाळलेले नव्हते, ते होते. माळवद होते, तुळस होती, तशी मनी होती. तिच्याबाबत कायदा एकच, आणि तो आजीच्या तोंडी: मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते! सोन्याचा आजचा भाव पाहिला, तर एवढा जबर दंड कुठल्याच सरकारने बसवलेला नाही.

सरकारी कायद्यात मांजर फारसे सापडत नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही महापालिका ज्या १९४९ च्या कायद्याने चालतात, त्यात कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा आहे; मांजराचे नाव नाही. बरोबरच आहे. मांजर नक्की कोणाचे हेच जिथे ठरत नाही, तिथे कर मागायचा कोणाकडे? पुणेकरांनी मात्र धीर केला. २०२२ च्या नोव्हेंबरात पुणे महापालिकेने पाळीव मांजराला परवाना सक्तीचा केला. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांचा जुना प्रश्न अखेर पुण्यात सुटला म्हणायचा! पण नुसते हसून चालणार नाही. मांजराच्या चाव्यानेही रेबीज होतो. लस टोचलेली बरी.

हा सगळा अभ्यास मला करावा लागला, तो नातीपायी. माझी मुलगी लातूरला फ्लॅटमध्ये राहते. नातीने जिन्यात सापडलेले पिल्लू वाढवले, त्याचे नाव चिंगी. पुढे कोणाच्या दारापुढे घाण झाली, कोणाचे दूध सांडले, आणि सोसायटीने ठराव केला: मांजर आठ दिवसांत सोडून यावे. नात जेवेना. मला म्हणाली, "आजोबा, सोडून यायचं म्हणजे कुठं?"

ठरावात त्याचे उत्तर नव्हते. मी कागद जमवले आणि बैठकीला गेलो. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवले आहे. ते वाचून दाखवले, तेव्हा कोणी फारसे हलले नाही. मग १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढला. भुकेने, तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर विनाकारण टाकून देणे, हा त्यात गुन्हा आहे.

तहान या शब्दाशी बैठक थांबली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेली ती माणसे. त्यांना तहानेचा अर्थ कोणी सांगायचा?

अध्यक्ष म्हणाले, "काका, मांजर राहू द्या. पण घाण तुम्ही उचलायची, लस टोचायची, अन् पिल्लांचा गोतावळा नको." तिन्ही अटी रास्त होत्या. ज्यांच्या दारात घाण झाली, त्यांचीही बाजू होतीच की! चिंगीची शस्त्रक्रिया झाली, लस झाली. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते. चिंगीला आता तेवढे फिरणे नाही.

नांदेडच्या मनीचे नाव कधी कुठल्या वहीत चढले नाही. चिंगीचे चढले आहे. त्या ओळीखाली अध्यक्षांच्या सहीशेजारी नातीनेही सही केली आहे, जोडाक्षर चुकवून.