केशरी दिवा लागला की

‘डिस्क मरते कशी ते सोप्या भाषेत लिहा, आकडे नकोत,’ असं संपादकांनी बजावलं होतं. आकड्यांवाचून हा विषय निभत नाही, हे मला त्यांना फोनवर पटवता आलं नाही. तेव्हा वाचकांनीच सांभाळून घ्यावं.

आनेकल तालुक्यात, चंदापूरच्या पुढे, माझं डेटा परत मिळवून देण्याचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक सिटी जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक आयटीतलं. दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचे आणि घरची नॅस टीव्हीमागे कोंबायची. नॅस म्हणजे राउटरला जोडलेली, घरातल्या सगळ्यांच्या फायली ठेवणारी पेटी. आत बहुधा दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. याला लोक बॅकअप म्हणतात. तो बॅकअप नव्हे! चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, ‘पण मिरर आहे ना?’

गेल्या उन्हाळ्यात आलेली एक पेटी अजून डोक्यातून जात नाही. कुटुंब मूळचं बेळगावचं, आता आनेकलात. पेटीत नातवाच्या बारशापासूनचे फोटो, काकांनी कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं आणि शिवाय सीसीटीव्हीचं रात्रंदिवस चालणारं रेकॉर्डिंग. एक डिस्क केव्हाच बाद झाली होती. तिचा केशरी दिवा टीव्हीमागे कुणाला दिसला नाही, आणि धोक्याचे मेल जात होते मुलाच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर. ती नोकरी त्याने कधीच सोडली होती. शेवटी दिवा दिसला तेव्हा त्याने बंगळूरच्या एस. पी. रोडवरच्या बाजारातून स्वस्तातली डिस्क आणली, बाद झालेली काढून ती बसवली आणि रिबिल्ड, म्हणजे उरलेल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवणं, सुरू केलं. ते अर्ध्यावर असताना उरलेली डिस्कही गेली.

असं होतं, कारण रिबिल्डमध्ये उरलेल्या डिस्कला पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचावं लागतं. कित्येक वर्षं कुणी न उघडलेले फोटोही त्यात आले. खराब सेक्टर वाचायला गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून दिवा लागला की आधी सगळं तिसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, दुरुस्ती मागाहून.

आता माझा आवडता वाद: एसएमआर डिस्क नॅसमध्ये चालते का? लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. त्याचा फायदा घेऊन एसएमआर प्रकारच्या डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवतात. कमी जागेत जास्त मावतं, पण मधलं एक बदलायचं तर पट्ट्यातली पुढची सगळी पुन्हा घालावी लागतात. हे काम डिस्क सवडीने करते. सवड मिळाली नाही की ती रखडते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं, की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच प्रकारच्या आहेत. गिऱ्हाइकांना आधी ते सांगितलेलं नव्हतं. पुढे जुन्या पद्धतीच्या डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. आमच्या धंद्यात तो राग अजून निवलेला नाही.

एस. पी. रोडवरची डिस्कही एसएमआरच निघाली, कंपनी कोणती ते जाऊ द्या. नुसतं सलग लिहायचं असतं तर तिने निभावलं असतं, हे विरोधकांचं म्हणणं मला मान्य आहे. पण इथे मध्येच कॅमेरे लिहीत होते. रिबिल्ड रेंगाळलं, उरलेली डिस्क तितका वेळ राबत राहिली. तिचा जीव त्यानेच गेला, हे मात्र मी शपथेवर सांगू शकत नाही.

त्या घरातल्या काकूंनी विचारलं, “उरलेल्या डिस्कचा रिपोर्ट तर चांगला होता म्हणे. मग तुमची ती तपासणी कशाला?” रिपोर्ट म्हणजे स्मार्ट, डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. मी त्यातले ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरांचे रकाने पाहतो. १९९ वाढला तर बहुधा केबल बदलायची असते, लोक डिस्क बदलतात. पण गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात मेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर तापमान सोडलं तर स्मार्टची एकही खूण नव्हती. खूण दिसली तर ऐकायचं, नाही दिसली म्हणून निर्धास्त राहायचं नाही. काकूंना हे उत्तर पटलं नाही. मलाही ते पुरेसं वाटत नाही.

नशीब, काढलेली डिस्क कुणी फेकली नव्हती. फ्रीजरमध्येही ठेवली नव्हती. हा सल्ला देणारे अजून भेटतात, बाहेर काढल्यावर आत दव धरतं हे त्यांच्या गावीही नसतं. दोन्हींवर डीडीरेस्क्यू चालवलं. हा प्रोग्राम सहज वाचता येईल ते आधी उचलतो, अडलेल्या जागा नोंदवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. केशरी दिव्याच्या डिस्कवर मोजकेच सेक्टर खराब होते. कीर्तनं सगळी तिच्यावरून मिळाली. ती बाद झाल्यानंतरचे फोटो फक्त दुसरीवर होते, ते निम्मेशिम्मे आले.

मी सांगितलं: कॅमेऱ्यांना वेगळा रेकॉर्डर घ्या, एक साधी यूएसबी डिस्क आणा, महिन्यातून एकदा भरा आणि होसूरला मामांकडे ठेवा. मुलाने चार डिस्कची नवी नॅस घेतली. यूएसबी डिस्क अजून आणायची आहे.