कादंबरीतली माहिती कोणाची?

कादंबरीचा पहिला खर्डा लेखक स्वतःसाठी लिहितो. आपल्याला काय काय ठाऊक आहे, हे त्याला आधी कागदावर बघायचं असतं. माझ्या खर्ड्यात गोव्यातल्या डिचोलीतलं खनिजाच्या पैशावर उभं राहिलेलं एक घर होतं आणि पेडण्यातलं, मोपाच्या पठाराजवळचं, काजूवर जगणारं दुसरं. दोन्हींबद्दल मी भरपूर गोळा केलं होतं. पुनर्लेखनाला बसलो तेव्हा प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारू लागलो: ही माहिती कोणाची? ज्या गोष्टीची झळ कुठल्याच पात्राला लागत नाही, ती इथे कशाला?

खाणीचंच बघा. पुंडलिक नायकांची ‘अच्छेव’ 1977 साली कोंकणीत आली. खाण आल्यावर शेतीवाडीचा गाव कसा उसवत जातो, हे त्या कादंबरीने सांगून ठेवलं आहे. माझी गोष्ट खाण थांबते तिथून सुरू होते. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पहिल्या खर्ड्यात हे सगळं कारणांसकट होतं. आता त्यातली एकही तारीख उरलेली नाही, कारण ट्रकवाल्याच्या घरात बंदी तारखेने येत नाही. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक एरवीही थंडावते. मांडवीतल्या बार्ज थांबतात, ट्रक दारात उभे राहतात, दुरुस्त्या उरकून घेतल्या जातात. त्यामुळे बंदी आली तरी अंगणात काहीच बदललेलं नसतं. बदल कळतो तो दसऱ्याला. ट्रकला झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ट्रक जागचा हलत नाही. बँकेचा हप्ता तेवढा वेळेवर येतो. न्यायालयाच्या आदेशासाठी जे काम आधी एक पान करत होतं, ते आता ही माळ करते.

दुसरा बदल नात्याचा. आधी डिचोलीत भाऊ होता आणि पेडण्यात दिलेली बहीण. आता दोघी बहिणी आहेत, डिचोलीत थोरली आणि पेडण्यात धाकटी. हे मला या मुलखानेच सुचवलं. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी, आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीणही त्यांच्यातलीच, असं आमच्याकडे मानतात. डिचोली आणि पेडणे देवतांनीच असे नात्यात बांधलेले असताना मी वेगळं काय जुळवणार? पण अशी कथा हाती आली की लेखकाला ती मिरवायची हौस होते. खर्ड्यात थोरली शिरगावच्या जत्रेत धोंडांची, म्हणजे व्रतस्थ भक्तांची, अग्निदिव्याकडची धाव बघता बघता देवीच्या बहिणींची गोष्ट आठवत होती. ते काढलं. जिचं सगळं लक्ष हप्त्यात अडकलंय, तिला दंतकथा आठवत नाहीत. ती नवस बोलते आणि गर्दीतून वाट काढत घरी येते.

दोघींना एकमेकींसमोर आणायला मात्र देवी पुरली नाही, कायदा लागला. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार माहेरच्या मालमत्तेत मुलींचा वाटा असतो आणि लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते. म्हणजे ट्रकचं कर्ज फेडायला थोरलीने माहेरची बागायत विकायची म्हटली, तर धाकटीची सही हवी आणि धाकटीच्या नवऱ्याचीही. आधी हे सगळं एका वकिलाच्या तोंडी होतं. आता वकील नाही. थोरली पेडण्याला येते, चहा होतो, काजूच्या बोंडांच्या भावावर बोलणं होतं. सहीचा विषय कोणीच काढत नाही. इकडे विमानतळासाठी पठार संपादित झालेलं, त्यामुळे कागदावर सही म्हटली की धाकटीच्या घरात सगळे गप्प होतात. कायदा वाचकाला त्या गप्प बसण्यातून कळतो.

संवादांनी सर्वात जास्त वेळ खाल्ला. निवेदन मराठीत, बोलणं घरच्या बोलीत. गोव्यातल्या मराठी लेखकाला ही कसरत चुकत नाही. शिवाय पेडण्याची बोली सावंतवाडीकडे झुकते, डिचोलीची तशी नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांनी धाकटीच्या बोलण्यात सासरचा हेल येणारच, आणि थोरलीला तो खुपणारच. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं मोठ्याने म्हणून पारखायचा. मीही दोघींची वाक्यं म्हणून बघतो. बोलणारीचं नाव झाकल्यावर ती कोण हे कळलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहितो.

शेवट अजून व्हायचा आहे. पहिल्या खर्ड्यात तो गंजलेल्या ट्रकवर होता. मग 2022 च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, पहिल्याच फेरीत डिचोलीचे पट्टे गेले. 2023 च्या जानेवारीत मोपावरून विमानं उडू लागली. 2024 मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झालं. बातमीमागे धावत शेवट बदलत राहिलो, तर ही कादंबरी कधीच संपणार नाही. म्हणून शेवट बातम्यांच्या हातून काढून धाकटीच्या हाती दिला आहे. खाण चालू असो की बंद, तिला सही करायची की नाही हे ठरवावंच लागेल. तिचं उत्तर मला पटलं नाही तरी चालेल. मात्र तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनेही तेच उत्तर दिलं असतं असं वाटलं, तर ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेईन.