सरासरीपलीकडचा पाऊस

तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून उतरून वस्तीतून वाहत खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दहिसरच्या नदीकाठीही पाणी शिरले. तळमजल्यावर माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने अशा दिवसासाठी किती तरतूद करावी?

अशा घटना विरळ, म्हणून नोंदीही तुटपुंज्या. त्यामुळे संख्याशास्त्रज्ञ संगणकाकडून काल्पनिक वर्षे निर्माण करून घेतात. ‘आर’ या संगणकभाषेत प्रथम शून्य व एक यांमधील एक यादृच्छिक संख्या मिळते. निवडलेल्या संभाव्यता-वितरणाच्या सूत्राने तिचे रूपांतर त्या वर्षीच्या सर्वाधिक पावसाच्या दिवसाच्या आकड्यात होते. अशी दहा हजार वर्षे घडवली, की पाऊस ठरावीक मर्यादा किती वेळा ओलांडतो, हे मोजता येते.

मात्र वितरणाची निवड माणसाची असते. घंटेच्या आकाराचे प्रसामान्य वितरण घेतले, तर महावृष्टी जवळजवळ दिसतच नाही. कमाल मूल्यांसाठीचे गंबेल वितरण घेतले, तर ती क्वचित का होईना, दिसते. यंत्र गृहीताबाहेरचे काहीच सांगत नाही.

आरंभीचा बीजांक टिपून ठेवला, की तीच संख्यामाला पुन्हा मिळते. वहीप्रमाणे हा हिशेबही मग दुसऱ्यास तपासता येतो. विम्याची रक्कम किंवा फळ्यांची उंची ठरवताना केवळ सरासरी पाहू नये. आकड्यांमागचे गृहीत कोणते, हे आधी विचारावे.