हिरव्या दिव्यांच्या पुढे

बोदवडहून भुसावळ, मुंबई, जेद्दामार्गे मदिना. चाळीस वर्षांच्या संसारात आम्हा दोघांचा परदेशाचा हा पहिलाच प्रवास, तोही उमऱ्याचा.

पहिल्याच रात्री आम्ही बेगमला घाईनं उठवलं, "ऊठ, पाच वाजले, फजरची जमात चुकेल!" मशिदीत पोहोचलो तर अजानचा पत्ता नाही. हातातलं घड्याळ बोदवडचंच होतं. तिथं अडीचच वाजले होते. ती हसली, "चला, तहज्जुद तर मिळाली."

खरी फजिती मक्केत, सईच्या वेळी झाली. सफा-मरवामधलं अंतर सुमारे साडेचारशे मीटर. हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी झपझप जायचं, स्त्रियांनी नेहमीच्या चालीनं. आम्ही जे निघालो, ते मागे वळून पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा गर्दीत ती नव्हती. फोनही आमच्याकडेच. शोधण्याच्या नादात फेरे किती झाले, तेही विसरलो.

शेवटी ती मरवापाशी शांत बसलेली दिसली. "अहो, सातवा फेरा इथंच संपतो, तुम्ही इथंच येणार. तुमचे किती झाले?"

आम्ही गप्प.

"शंका असली की कमी आकडा धरायचा," असं सांगून आमचे उरलेले फेरे होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

हजरत हाजरा तहानलेल्या बाळासाठी एकट्या धावल्या, त्याची ही आठवण. आणि आम्ही सोबतीणीलाच मागे टाकून धावत होतो!

जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: भेटायची जागा आधी ठरवा, आणि दिवे ओलांडले की थांबा. आता बोदवडच्या बाजारातही आम्ही तिच्यासाठी थांबतो. ती म्हणते, "इथं कुठं हिरवे दिवे आहेत?"