राखीव कोड, दुधाच्या हिशोबात

स्मार्ट कुलूप विकणाऱ्याला एकदा विचारून बघा, "कोड चाललाच नाही तर?" तो लगेच म्हणेल, बॅकअप कोड असतो ना. मग विचारा, "तो कुणाकडे ठेवायचा?" आमच्या विक्रेत्याने यावर खांदे उडवले होते आणि बिल पुढे केलं होतं.

आमचं घर वालावलला, कुडाळ तालुक्यात. कर्ली नदीकाठचं गाव. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेलं तळं तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या रीलमध्ये पाहिलं असेल. मी पुण्यात नोकरी करते, आईबाबा मुंबईत. कोकणातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही घर चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडायचं, बाकी वर्षभर बंद. सिंधुदुर्ग १९९७ सालीच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तेव्हा आपणही मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून पाहुण्यांना द्याव्यात, असं आम्ही ठरवलं.

कुलूप त्या नव्या खोल्यांनाच बसलं. जुन्या घराचं पुढचं दार दोन फळ्यांचं, फणसाच्या लाकडाचं, आतून अडसर. ते पाहून बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, ह्याच्यात आपलं मशीन नाय बसायचं." मला मनातून बरंच वाटलं.

जुन्या दाराची चावी शेजारच्या काकीकडे असते. माझ्या लहानपणापासून तिच्या माजघरातल्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे. काकी सख्खी नाही, पण तो हिशोब आमच्याकडे कुणी करत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा वीज गेली, फोन गेले आणि आम्ही मुंबई-पुण्यात नुसते बातम्या बघत बसलो. काकीने पाऊस उणावल्यावर दार उघडलं, फुटलेल्या कौलांखाली टोप आणि बादल्या मांडल्या, देव कोरड्या जागी हलवले आणि पुन्हा दार लावलं. आम्हाला हे चार दिवसांनी कळलं.

त्यामुळे नव्या खोल्यांना आकड्यांचं कुलूप बसतंय म्हटल्यावर ती पडवीत बसून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मगे ह्या चावयेचा काय करू? पेजेत घालू?"

हे कुलूप चालतं कसं, ते थोडं सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. काही कुलपं सतत इंटरनेटला जोडलेली असतात. आमचं नाही. ते बसवताना कुलूप आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात एक गुप्त आकडा ठरतो आणि कुलपाच्या आतलं घड्याळ लावलं जातं. मग मी पुण्यात बसून ॲपवर "शुक्रवार दुपारी दोन ते रविवार सकाळी अकरा" असं टाकलं, की सर्व्हर तो गुप्त आकडा आणि ही वेळ यांच्यावरून एक कोड काढतो. पाहुण्याने तो दाबला, की कुलूप स्वतःच्या घड्याळावरून तेच गणित करून पडताळतं. तुमच्या फोनमधलं ऑथेंटिकेटर ॲप नेटवर्क नसतानाही सहा आकडे दाखवतं, त्याचाच हा लांबचा भाऊ. वीज नको, वायफाय नको, चार पेन्सिल सेलवर काम. सेल संपले तरी बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून कुलूप जागं करता येतं. अर्थात जागं झालेलं कुलूपही कोड मागतंच.

आणि आमच्या कुलपाचा एक नियम आहे. कोड सुरू झाल्यापासून चोवीस तासांत एकदा तरी वापरला नाही, तर तो आपोआप बाद होतो.

गेल्या जुलैत पुण्याहून एक कुटुंब येणार होतं. शुक्रवारचं बुकिंग. घाटात दरड आली म्हणून ते कोल्हापूरला थांबले आणि शनिवारी मध्यरात्री एक वाजता आमच्या खळ्यात पोचले. कोड मेलेला. मी ॲपवरून नवा काढून पाठवू शकले असते, पण संध्याकाळपासून वीज नव्हती, टॉवर झोपलेला, त्यांचा फोन मला लागेना. मी पुण्यात गाढ झोपेत. पाऊस, काळोख, गाडीत पाच वर्षांचं मूल.

त्यांनी शेजारचं दार वाजवलं.

काकीने आधी विजेरीच्या उजेडात चारही जणांची तोंडं बघितली, नाव विचारलं, कुणाच्या नावाने खोली घेतली ते विचारलं. मग आत जाऊन कालनिर्णय काढलं. राखीव कोड मी तिला पाठ करायला सांगितला होता. तिने तो दुधाच्या हिशोबात लिहून ठेवला होता. महिन्याच्या चौकटींत अर्धा लिटर, एक लिटर असं लिहिलेलं, त्यात एका ठिकाणी "गवळ्याचे बाकी" म्हणून सहा आकडे. एवढी बाकी झाली असती, तर गवळ्याने म्हैसच आणून बांधली असती. पण चोराला ते कळायला आधी काकीचं अक्षर लागायला हवं. खोली उघडली, मेणबत्ती लागली, चहा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेंज आली तेव्हा मला हे कळलं. पाहुण्यांचे तीन आभाराचे मेसेज आणि काकीचा एक फोन. तिचं पहिलंच वाक्य, "तो आकडो आता बदल. त्यांका ठावक झालो."

सुरक्षेवरचे लांबलचक लेख ज्या गोष्टीला चार परिच्छेद घेतात, ती ही. राखीव कोड एकदा सांगितला की तो राखीव राहत नाही. आणि आमच्यासारख्या कुलपात तो बदलायला कुलपाशेजारी उभं राहून ब्लूटूथ लागतं, नाहीतर वीज आणि इंटरनेटवर चालणारं एक वेगळं यंत्र. म्हणून आता मी प्रत्येक फेरीला पाच राखीव कोड भरून येते. काकी वापरलेल्यावर काट मारते. सहा आकडी, कारण चार आकड्यांत दहा हजारच शक्यता; आणि रोज त्याच चार बटणांवर बोटं पडून ती गुळगुळीत झाली, तर उरतात फक्त चोवीस.

बॅकअप माणसाकडेच असावा, हे माझं मत काही कोकणाच्या प्रेमापोटी नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने एका मॉडेलचं सॉफ्टवेअर चुकून दुसऱ्याच मॉडेलच्या कुलपांना पाठवलं. सुमारे पाचशे कुलपं बसल्या जागी गेली. त्यांतली बरीच एअरबीएनबीवर घरं देणाऱ्यांची होती. कोड चालेनात आणि दुरून दुरुस्तीही होईना. पण त्यांना साध्या चावीचं भोक होतं. चावी ज्यांनी जवळपास कुणाकडे ठेवली होती, त्यांचे पाहुणे आत गेले.

जाहिरातीत मात्र याला "सेल्फ चेक-इन" म्हणतात. पाहुण्याने आपलं आपण यायचं, कुणाला त्रास नको. मला हा शब्द आता खोटा वाटतो. रात्री एक वाजताचा त्रास कुणीतरी घेतलेला असतोच, फक्त त्याचं नाव ॲपवर नसतं आणि त्याला पैसेही मिळत नाहीत. काकीला मी प्रत्येक बुकिंगमागे दोनशे रुपये देऊ लागले. तिने आधी नको म्हटलं. मग एका महिन्याने स्वतःच विचारलं, "रातचे उठवल्यानी तर तेचे वेगळे काय?" रात्रीचे आता तीनशे जादा. आईला हे फार विचित्र वाटतं, घरच्या माणसाला पैसे कसले. मला वाटत नाही. खोलीचं भाडं आम्ही घेतो, झोप तिची मोडते.

पाहुण्यांना जाणाऱ्या मेसेजमध्येही मी एक ओळ वाढवली: कोड चालला नाही तर डावीकडच्या घराचं दार वाजवा. काकीने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि दुरुस्ती सुचवली. आधी आधार कार्ड हातात धरून उभे राहा, असं लिही म्हणाली. "मी नाव इचारतलंय, तोंड बघतलंय, मगेच आकडो."

या चतुर्थीला मुंबईहून आमचे सतराजण येणार आहेत. त्या दोन खोल्यांचा कोड कुणाच्याच लक्षात राहणार नाही, म्हणून काकीने आत्ताच सांगून ठेवलंय, त्या पाच दिवसांत तिच्याकडे कुणी आकडे मागायला यायचं नाही. तिच्याकडेही घरचा गणपती आहे.